हजार फोटो, एक हुकूम



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की आम्ही मजुरीवर बोलू, महागाईवर बोलू, नाहीतर कामगार कायद्यांवर तरी बोलू. आम्ही विषय कळविला, ‘पुष्कळ फोटो एकदम लहान कसे करावेत’. चिटणीस दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “विषय लिहून घेताना आमची काही चूक तर झाली नाही ना?” मंडळी, चूक झालेली नाही. मजुरीचा, कष्टाचा आणि माणसाच्या किमतीचा प्रश्न या एवढ्याशा विषयात कसा दडून बसला आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. सोळाव्या वर्षी इचलकरंजीस यंत्रमागावर उभे राहिलो, आणि पुढचे शिक्षण मागांच्या खडखडाटात व संघटनेच्या कचेरीत झाले. इंग्रजी वर्तमानपत्र शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावयास शिकलो. संगणकाला हात लावला तेव्हा वय पंचेचाळीस होते. तेव्हा आमच्याकडून पंडिताच्या भाषेची अपेक्षा करू नका. आणखी एक खुलासा. आम्ही बोलताना ‘आम्ही’ म्हणतो, त्यात संघटना किती आणि आम्ही किती हे आम्हांसही नेहमी सांगता येत नाही. मात्र आज एक चूक कबूल करावयाची आहे. तेथे ‘आम्ही’ याचा अर्थ आम्ही एकटेच, हे ध्यानात असू द्यावे.

गोष्ट 2018 सालची. सभासदांचे अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते. प्रत्येक अर्जास एक फोटो, आणि तो 50 किलोबाइटच्या आत पाहिजे, अशी अट. फोटो 1,140 होते. कोणी मुलाच्या मोबाइलवर काढलेले, कोणी पुतण्याच्या. एकेक फोटो तीन-तीन, चार-चार मेगाबाइटांचा. म्हणजे अट होती शेराची आणि माल आला होता खंडीचा. शेजारच्या दुकानदाराने फोटोमागे 10 रुपये सांगितले. 11,400 रुपये! संघटनेच्या तिजोरीत तेवढे नव्हते असे नाही. पण ते पैसे कशाकशातून जमलेले असतात हे आम्हांस ठाऊक. आम्ही म्हटले, घरचे काम घरीच करू.

आमच्या कचेरीत एक मुलगी कामास आहे. आई तिची कांड्या भरणारी. मुलीने रात्रशाळा करून संगणकाचा वर्ग पुरा केलेला. तिला काम सांगितले. फोटो उघडायचा, माप बदलायचे, नाव देऊन ठेवायचा, बंद करायचा. पुन्हा दुसरा उघडायचा. एका फोटोला दीड मिनिट. दीड मिनिट म्हणजे काही नव्हे, असे आपल्याला वाटते. 1,140 ने गुणा. साडेअठ्ठावीस तास होतात. मुदत जवळ आलेली, म्हणून ते तिने अडीच दिवसांत उरकले. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाहिले तर ती उजवा हात डाव्या हाताने दाबीत बसली होती. आम्ही विचारले, “काय झालं ग?” ती म्हणाली, “काही नाही काका. मनगट धरलंय.” आणि मग जरा हसून म्हणाली, “आठ तासांचा दिवस मागावरच्यांना असतो. संगणकावरच्यांना नसतो वाटतं.”

मंडळी, तीस वर्षे आम्ही मालकांच्या दारात उभे राहून आठ तासांचा हिशेब मागितला. आणि आमच्याच कचेरीत, आमच्याच डोळ्यांदेखत, एक लेकरू बारा-बारा तास एकच क्रिया करीत बसले होते. आम्हांस त्याचे काहीच वाटले नव्हते, कारण तेथे खडखडाट नव्हता, कापसाची फुसफूस नव्हती, ती मुलगी खुर्चीवर पंख्याखाली बसलेली होती. कष्ट दिसले नाहीत म्हणजे ते नाहीत, ही मालकाची दृष्टी. ती आमच्या डोळ्यांत केव्हा शिरली ते कळलेही नाही. त्या रात्री आम्ही ठरविले की हे काम समजून घ्यावयाचे. आणि जो माणूस मागाचा सांधा समजून घेऊ शकतो त्यास हेही समजेल.

समजून घ्यायला बसलो तर गंमत अशी झाली की अर्धा विषय आमच्या ओळखीचाच निघाला. संगणकातील चित्र हे एक कापड आहे. कापडात उभे सूत असते, आडवे सूत असते. आडव्या सुताला आपण पीक म्हणतो. भिंगाची काच ठेवून इंचात किती पिके बसली ते मोजतात आणि मागवाल्याची मजुरी त्यावर ठरते. चित्रातही तसेच. उभ्या रांगा, आडव्या रांगा, आणि दोन्ही जेथे मिळतात तेथे एक ठिपका. त्यालाच पिक्सेल म्हणतात. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो प्रथम संगणकात घातला, तो 176 ठिपके रुंद आणि 176 ठिपके उंच होता. सगळे मिळून 30,976 ठिपके. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलचा साधा फोटो 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच असतो. 1 कोटी 20 लाख ठिपके झाले! प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे. म्हणजे 3 कोटी 60 लाख आकडे एका फोटोत.

मग तो फोटो तीन-चार मेगाबाइटांतच कसा मावतो? तर त्याची घडी घातलेली असते. घडी घालण्याची जी सर्वांत रूढ रीत, तिचे नाव जेपेग. ती 1992 साली प्रमाण म्हणून ठरली. तिच्या पोटात जे गणित आहे ते 1974 साली प्रसिद्ध झाले. ते तिघांनी मिळून लिहिले: नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. यांपैकी नासिर अहमद बंगळुरूत जन्मलेले. जगातील अब्जावधी फोटोंच्या घडीत आपल्याकडच्या माणसांचा हात आहे, ही अभिमानाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसली तरी आपण मुलांना सांगावी. ही घडी साधी मात्र नव्हे. चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला जे सहसा जाणवत नाही ते ती टाकून देते. घडी घालताना थोडे सूतच काढून घेतले, असे म्हणा. उघडून पुन्हा घडी घातली की पुन्हा थोडे सूत गेले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम आहे.

आता लहान करणे म्हणजे काय? 4000 बाय 3000 चे चित्र 1000 बाय 750 केले, तर रुंदी चौथाई झाली, उंची चौथाई झाली; पण ठिपके सोळावा हिस्सा राहिले. 1 कोटी 20 लाखांचे साडेसात लाख. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. बाजू निम्मी केली म्हणजे वजन निम्मे होईल असे त्यांना वाटते. होते ते चौथाई. शेताची लांबी-रुंदी निम्मी केली तर पीक निम्मे येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

सोळा ठिपक्यांच्या जागी एक ठिपका बसवायचा, तर तो कोणता? एक रीत अशी की सोळांतला एक ठेवावा आणि पंधरांना घरी पाठवावे. ती झटपट होते, पण घात करते. एक काळा, एक पांढरा असे धागे असलेले कापड डोळ्यांपुढे आणा. दर चौथा धागाच ठेवला तर काय उरेल? सबंध कापड काळे होईल, नाहीतर सबंध पांढरे! धागे मूळचे खरे होते, निवडही नियमाने झाली, तरी चित्र खोटे झाले. चौकड्यांचे लुगडे किंवा रेघांचा सदरा घातलेल्या माणसाचा फोटो लहान केल्यावर त्यावर कधी कधी पाण्यासारख्या लाटा दिसतात, त्या याच चुकीच्या. दुसरी रीत अशी की सोळांनाही विचारावे, आणि सगळ्यांचे मिळून जे येईल ते ठेवावे. मग काळ्या-पांढऱ्याचे करडे होते. आणि तेच कापड लांबून पाहिले तर आपल्या डोळ्यालाही करडेच दिसते. चांगल्या साधनांत ही दुसरी रीत आणि तिच्याहून सुधारलेल्या रीती असतात. त्यांपैकी एकीला हंगेरियन गणिती लँक्झोस यांचे नाव आहे. संघटना चालविणाऱ्याने या ठिकाणी थोडे थांबावे. दहा हजार माणसांचे म्हणणे दहा माणसांनी मांडायचे असते. ते दहा कसे निवडले यावर म्हणणे खरे राहील की खोटे होईल हे ठरते.

असो. आता एकामागून एक न करता सगळे एकदम कसे करावे? ज्यांना खिडकीत पाहून, माऊस फिरवून काम करणे सोयीचे वाटते, त्यांच्यासाठी इरफानव्ह्यू नावाचे साधन आहे. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किलियान या तरुणाने ते 1996 साली लोकांपुढे ठेवले; घरगुती वापरास ते फुकट आहे. त्यात इंग्रजी ‘बी’ हे अक्षर दाबले की घाऊक कामाची खिडकी उघडते. फोटोंची यादी द्यावी, माप सांगावे, नवे फोटो कोठे ठेवायचे ती जागा दाखवावी, आणि चालू करावे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टची पॉवरटॉइज म्हणून एक फुकट पेटी मिळते; ती बसविली की फोटो निवडून उजवे बटण दाबताच लहान करण्याची सोय समोर येते. चार-दोन वेळा काम पडणाऱ्यास एवढे पुरे.

आम्ही शिकलो ते दुसरे साधन, त्याचे नाव इमेजमॅजिक. ते जुने आहे. जॉन क्रिस्टी नावाचा प्रोग्रामर अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत काम करीत होता. ही ड्युपाँट म्हणजे नायलॉनचा धागा काढणारी. म्हणजे येथेही सुताचा संबंध सुटत नाही. 1987 साली त्याने हे साधन कंपनीच्या कामासाठी सुरू केले आणि 1990 साली कंपनीच्या संमतीने जगाला फुकट देऊन टाकले. का दिले? तर इतरांनी फुकट दिलेल्या साधनांचा त्याने स्वतः लाभ घेतला होता, त्याची परतफेड म्हणून. आपल्या खेड्यात याला इर्जिक म्हणतात. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. इतक्या दूर, ज्यांची तोंडे कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी घातलेली ही इर्जिक वाचून आम्हांस फार बरे वाटले.

इमेजमॅजिकमध्ये खिडकी नाही, बटणे नाहीत. हुकूम लिहायचा असतो. त्यातील एक हुकूम मॉग्रिफाय. नव्या आवृत्तीत त्याच्या आधी ‘मॅजिक’ हा शब्द लिहावा लागतो. पुढे रिसाइझ, पुढे माप, आणि शेवटी ‘या पिशवीतले सगळे जेपेग’ असे सांगणारी चांदणीची खूण. बस्स. माप 1000 बाय 1000 लिहिले तर चित्र चेपून चौकोनी होते असे नव्हे. त्या चौकोनात मावेल इतके, आपली मूळची ठेवण राखून ते लहान होते. मापापुढे ‘पेक्षा मोठे’ ही गणितातली खूण घातली, तर मोठे असतील तेवढेच फोटो लहान होतात आणि आधीच लहान असलेल्यांना उगाच ताणले जात नाही. ती खूण मात्र मापासकट अवतरणात घालावी. नाहीतर संगणक तिचा भलताच अर्थ लावतो. वजनाची अट असेल तर फाइल इतक्या किलोबाइटच्या आत बसव, असेही सांगता येते. हे सगळे हुकूम त्यांच्या मूळ इंग्रजी रूपात एका कागदावर छापून आणले आहेत. जाताना दारापाशी घेऊन जावेत.

पहिल्यांदा तो हुकूम आम्ही चालविला, तेव्हा 1,140 फोटोंच्या नकलांवरच चालविला. चहा सांगितला होता. चहा आला, प्याला रिकामा झाला, आणि काम संपलेले होते. साडेअठ्ठावीस तासांचे काम! ती मुलगी पडद्याकडे पाहत राहिली. तिला आनंद झाला असेल असे आम्हांस वाटले. ती एवढेच म्हणाली, “काका, हे आधी का नाही शिकलो आपण?”

आता चुकीची गोष्ट. त्याच वर्षी संघटनेची स्मरणिका काढावयाची होती. आम्ही घरोघर जाऊन जुने फोटो गोळा केले. कोणाच्या भिंतीवरचे, कोणाच्या ट्रंकेतले. मेळावे, मोर्चे, गेट-सभा. असे 640 फोटो. एका चांगल्या यंत्रावर इंचाला 600 ठिपके या मापाने त्यांच्या प्रती घेतल्या आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत केले. स्मरणिका निघाली. पुढे संगणकात जागा पुरेना. आम्ही नव्याने शिकलेल्या विद्येच्या कैफात होतो. रात्री एकट्याने बसून हुकूम लिहिला, सगळे फोटो 800 ठिपक्यांत आण. चहा पिऊन होण्याच्या आत झाले. जागा मोकळी झाली. आम्ही समाधानाने झोपलो.

मंडळी, मॉग्रिफायचा स्वभाव असा आहे की तो नवा फोटो वेगळा ठेवीत नाही, जुन्यावरच लिहितो. निराळी जागा सांगितली तरच निराळ्या जागी ठेवतो. ते सांगण्याचा शब्द आहे, पाथ. आम्ही तो लिहिला नव्हता. आम्हांस माहीत नव्हता असे नव्हे. माहीत होता, लिहिला नव्हता. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

तरीही वाटले, मूळ फोटो घरोघर आहेतच की. मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेने काय केले ते या भागातल्या माणसाला सांगावयास नको. नदीकाठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरले. धान्य गेले, अंथरुणे गेली, भिंतीवरचे आणि ट्रंकांतले फोटो गेले.

त्या पावसाळ्यानंतर काही महिन्यांनी एक म्हातारी कचेरीत आली. तिचे मालक जुने मागवाले, आमच्या संघटनेचे सभासद. वारून बरीच वर्षे झालेली. घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही सुटा नव्हे. 1987 च्या एका मेळाव्याचा, तीन रांगांत बसलेल्या-उभ्या राहिलेल्या माणसांचा. तो पुरात गेला होता. तिला आठवत होते की तो आम्ही स्मरणिकेसाठी नेला होता. “दादा, त्यातलं ह्येंचं तेवढं तोंड मोठं करून द्या. भिंतीला लावायचं हाय.” एवढेच मागणे.

आम्ही फोटो उघडला. आठ इंच रुंदीचा तो फोटो आम्ही घेतला तेव्हा 4800 ठिपके रुंद होता. मागच्या रांगेतला तो चेहरा तेव्हा 180 ठिपके रुंद आणि 220 ठिपके उंच असणार; 39,600 ठिपके. भिंतीवर लावण्याजोगा चेहरा त्यातून निघाला असता. आता फोटो 800 ठिपके रुंद होता. बाजू सहावा हिस्सा, ठिपके छत्तिसावा हिस्सा. चेहऱ्याला उरले होते 30 ठिपके रुंदीचे, आणि सगळे मिळून 1,100. चार इंच रुंद छापला, तर एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा. डोळ्यांच्या जागी दोन काळे दाणे, मिशीच्या जागी पाच-सहा दाणे. म्हातारीने कागद जवळ धरला, लांब धरला. काही बोलली नाही.

तिच्या मुलाने तो कागद एका दुकानी नेला. हल्ली अशी साधने निघाली आहेत की ती अंधुक चेहऱ्याचा स्वच्छ चेहरा करून देतात. करून दिला. कपाळ, भुवया, डोळ्यांतली चमक, सगळे आले. मुलगा तो घेऊन आईसकट आमच्याकडे आला. म्हातारीने त्या फोटोकडे पाहिले आणि म्हणाली, “ह्ये कोन? ह्ये आमचं मालक न्हवंत, दादा.”

तिचेच खरे होते. चित्र लहान करताना जे टाकले ते गेले. चिपाडापासून पुन्हा ऊस होत नाही. मोठे करणारे साधन मधल्या जागा भरते, त्या आजूबाजूचे पाहून अंदाजाने भरते. आणि नवी साधने लाखो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेली असल्यामुळे ती शोभेलसा एक चेहरा आणून बसवितात. तो सुबक असतो. पण त्या माणसाचा नसतो. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?” मुद्दाम केले नव्हते हे खरे. पण मागावर धागा तुटला आणि कापडात भोक राहिले, तर ‘मुद्दाम केले नव्हते’ हे उत्तर आम्ही कधी कोणाचे ऐकले नाही.

तेव्हापासून आमच्या कचेरीच्या भिंतीवर काही नियम लिहून लावले आहेत. ते येथे सांगतो. तुमच्यापैकी कोणी शाळेचे काम पाहत असेल, कोणी पतपेढीचे, कोणी वाचनालयाचे, त्यांच्या उपयोगी पडतील.

पहिला नियम: मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर निराळ्या घरी. लहान केलेले फोटो नेहमी निराळ्या पिशवीत. जागा पुरत नसेल तर जागा विकत घ्यावी. आठवण विकून जागा घेऊ नये.

दुसरा नियम: आधी वीतभर कापड, मग तागा. हजार फोटोंवर हुकूम चालवण्यापूर्वी पाच फोटोंच्या नकलांवर चालवून पाहावा आणि ते पाची उघडून पाहावेत. एका हुकुमात हजार कामे होतात, तशा एका हुकुमात हजार चुकाही होतात. हाताने काम करणारा दहाव्या फोटोला तरी थबकतो. हुकूम थबकत नाही.

तिसरा नियम: कशासाठी लहान करतो ते आधी ठरवावे. पासपोर्टच्या मापाचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो नीट छापायचा तर इंचाला 300 ठिपके धरून 413 बाय 531 ठिपके लागतात. त्याला 4000 नकोत, आणि 100 पुरणार नाहीत. जेपेगची प्रत शंभरांपैकी 85 च्या आसपास ठेवली तर बहुधा डोळ्याला फरक कळत नाही; फार खाली नेली की ते आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन उघडे पडतात. आणि लहान केलेल्यातून पुन्हा लहान करू नये. दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करावी; दर घडीला सूत जाते, हे मघाशी सांगितलेच.

चौथा नियम आमच्यासारख्यांच्या फार कामाचा. मोबाइलच्या फोटोत चित्राशिवाय एक चिठ्ठी असते. कोणत्या यंत्राने, कोणत्या दिवशी, किती वाजता फोटो काढला ते तिच्यात असते. आणि मोबाइलमध्ये जागा कळवण्याची सोय चालू असेल तर कोठे काढला तेही अक्षांश-रेखांशांसकट असते. एखाद्या मागवाल्याच्या घरी रात्री बैठक झाली आणि कोणी हौसेने फोटो काढून पाठवला, तर त्या घराचा पत्ता फोटोबरोबर जाऊ शकतो. बाहेर पाठवायच्या प्रतींतून ही चिठ्ठी काढून टाकावी. त्यासाठी स्ट्रिप हा शब्द आहे. पण एक खबरदारी. फोटो उभा आहे की आडवा, हेही पुष्कळदा त्या चिठ्ठीतच लिहिलेले असते. म्हणून आधी ऑटो-ओरिएंट या शब्दाने फोटो सरळ करून घ्यावा, मग चिठ्ठी काढावी. आम्ही एकदा उलटे केले आणि आमचे सत्तर सभासद एकदम आडवे झाले. संप पुकारलेला नसताना!

आता शेवटचा मुद्दा. कोणी म्हणेल, तुम्ही कामगारांचे कार्यकर्ते, आणि साडेअठ्ठावीस तासांचे काम चहाच्या वेळात उरकणाऱ्या यंत्राचे गोडवे गाता? ज्या दुकानदाराचे 11,400 रुपये बुडाले, तोही कष्टाचेच खातो. प्रश्न रास्त आहे आणि तो आम्ही टाळणार नाही.

फ्रान्समध्ये लिऑन नावाचे रेशमाचे गाव आहे. तेथे 1804 च्या सुमारास जकार नावाच्या माणसाने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. कोणता धागा वर, कोणता खाली, हा हुकूम एकदा पुठ्ठ्यावर पाडायचा. मग पाहिजे तितके कापड त्याच नक्षीचे निघते. एक हुकूम आणि हजार कामे, ही कल्पना म्हणजे मागाचीच. 1839 साली त्याच गावी खुद्द जकारचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला 24,000 च्या सुमारास पुठ्ठे लागले. त्याच लिऑनमध्ये 1831 साली विणकरांनी मोठा उठाव केला होता. तो कशासाठी? मजुरीचा किमान दर ठरावा म्हणून. दर ठरला, तो काही व्यापाऱ्यांनी मानला नाही, आणि ठिणगी पडली. यंत्राने वाचविलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो, एवढाच तो प्रश्न होता. आजही तेवढाच आहे.

आमच्या कचेरीपुरते आम्ही त्याचे उत्तर दिले. त्या मुलीचा पगार कमी झाला नाही, तास कमी झाले. आणि तिच्याकडे आता जे काम आहे ते हुकुमाला होत नाही. फोटो लहान करणाऱ्याला चेहरा कळत नाही. नवऱ्याचा फोटो बायकोच्या अर्जाला लागला, एकाच आडनावाच्या दोघांची अदलाबदल झाली, तरी तो दोन्ही फोटो सारख्याच निष्ठेने 50 किलोबाइटांत बसवील. ती एकेक फोटो पाहते, सभासदाचा क्रमांक पाहते, शंका आली तर फोन करते. पुरात वाचलेले जुने फोटो पुन्हा गोळा करण्याचे कामही तिनेच हाती घेतले आहे. 640 पैकी 212 मिळाले. प्रत्येकाच्या मागे ती नावे लिहून घेते, कारण नावे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. तिच्यातले फोटो यंत्रावर घ्या, मोठ्या मापाने घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि मग पाहिजे तितके लहान करून गावभर वाटा. मागच्या रांगेतला माणूस आज आपल्याला कोणी वाटत नाही. कोणाच्या तरी भिंतीवर तेवढाच एक खिळा रिकामा असतो.

त्या म्हातारीच्या भिंतीवर आज तो अंधुक फोटोच आहे. पूर्ण मेळाव्याचा, पोस्टकार्डाएवढा छापलेला. मागच्या रांगेत डावीकडून चौथा. त्या चेहऱ्याखाली तिने नातवाकडून पेनाने एक बारीक फुली करवून घेतली आहे.

दारापाशी तो कागद घेण्यास विसरू नये.